डायव्हिंग घड्याळ: टायटॅनियम की स्टील?

ट्यूडर पेलागोस हे टायटॅनियमचं डायव्हिंग घड्याळ पहिल्यांदा हातात घेतलं की अंदाज चुकतो. एवढं जाडजूड घड्याळ, मग वजन कुठंय? टायटॅनियमची घनता साधारण 4.5 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, स्टीलची 8. म्हणजे जवळपास निम्मा भार. स्टीलमधल्या निकेलची ॲलर्जी असेल तर प्रश्नच मिटला, टायटॅनियमच घ्या. समुद्राच्या पाण्याला ते दादच देत नाही. घड्याळांत वापरलं जाणारं 316एल प्रतीचं स्टीलही गोड्या पाण्यानं धुवत राहिलं की वर्षानुवर्षं टिकतं.

खरी अडचण ओरखड्यांची. ग्रेड 2, म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम मऊ. बकलवर करडे चरे लवकर उमटतात आणि पॉलिश करून ते घालवणं किचकट. स्टीलवरचे चरे कारागीर सहज काढतो, शिवाय कडांवरची ती पांढरी झळाळी! रोज वापरायला मी टायटॅनियमच घेईन. पुढं मुलीच्या हाती द्यायचं असेल, तर स्टील.