लिथॉप्सचं मूळ गाव: लेबल सांगतं की पानं?

आपल्या कुंडीतलं लिथॉप्स, म्हणजे खड्यासारखं दिसणारं ते छोटं रसाळ रोप, मुळात कुठल्या माळावरचं, हे दोन गोष्टींवरून शोधतात: लेबलवरचा कोल क्रमांक आणि पानांवरची रंग-नक्षी.

माझा कौल क्रमांकाला. डेस्मंड आणि नॉरीन कोल या दांपत्याने दक्षिण आफ्रिका, नामिबिया पालथं घालून रानातल्या लिथॉप्सच्या एकेका वस्तीला क्रमांक दिला, तोच कोल क्रमांक. उदाहरणार्थ, सी036 म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या वॉरेंटनजवळचं लेस्लीआय जातीचं लिथॉप्स. त्याची फुलं पिवळी. पण तिथलंच पिवळट-हिरव्या पानांचं, पांढऱ्या फुलाचं ‘अल्बिनिका’ म्हणजे सी036ए.

नक्षीवरून जात बऱ्यापैकी ओळखता येते, गाव मात्र क्वचितच. एकाच वस्तीतली दोन रोपं वेगळी दिसतात आणि लांबलांबची अगदी सारखी.

अर्थात क्रमांकही आंधळेपणाने मानू नये. लिथॉप्सला सहसा स्वतःचे पराग चालत नाहीत. मधमाशीने शेजारच्या कुंडीतले पराग आणले, की त्या बियांवरचा क्रमांक खोटा ठरतो. म्हणून बी घेताना विचाराच: दोन्ही रोपं एकाच क्रमांकाची होती का? परागण ब्रशने, हाताने केलं होतं का? आणि लेबल हरवलंच, तर कृपा करून नुसत्या दिसण्यावरून नवा क्रमांक लिहू नका. फक्त जातीचं नाव लिहा.