किटच्या बिअरवरून ऑल-ग्रेनकडे: ३५ लिटरचं इलेक्ट्रिक भांडं काही महिने वापरल्यानंतर

ऑल-ग्रेन म्हणजे किटमधल्या तयार अर्काऐवजी थेट मॉल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) बिअर करणं. आधी निकाल. २० लिटरची बॅच आणि १.०५० च्या आसपासची ग्रॅव्हिटी (साखरेमुळे येणारी घनता, नुसतं पाणी म्हणजे १.०००) हवी असेल तर पंप आणि आतली, धान्य ठेवायची जाळीदार नळी असलेलं हे एकच भांडं पुरेसं आहे. मॅशसाठी (भरडलेलं मॉल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढण्यासाठी) वेगळा आइसबॉक्स, गरम पाण्याचं वेगळं भांडं, उकळायला तिसरं, असा पसारा मांडायची गरज नाही. पण बिअर चांगली होणं या भांड्यापेक्षा भरडण्याच्या यंत्रावर आणि गार करण्याच्या कॉइलवर जास्त अवलंबून आहे, आणि नवखे लोक खर्चात कपात नेमकी तिथेच करतात.

भांड्याचा आकार ठरवताना पाण्याचा हिशोब मांडावा. २० लिटर बिअरसाठी ५ किलो मॉल्ट. उकळून झाल्यावर भांड्यात २२ लिटर वर्ट (मॉल्टमधून निघालेलं गोड पाणी) हवा, कारण तळाचा हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि प्रथिनांचा गाळ दोनेक लिटर खातो. तासभराच्या उकळीत सुमारे ३ लिटर वाफ होऊन जातात आणि धान्य किलोमागे ०.८ लिटर पाणी धरून ठेवतं, म्हणजे ४ लिटर. एकूण २९ लिटर. त्यातले १८ मॅशला, ११ स्पार्जला (मॅशनंतर धान्यावर पाणी ओतून उरलेली साखर धुवायला). उकळीच्या सुरुवातीला २५ लिटर असतात, म्हणजे फेस वर यायला १० लिटरची जागा उरते. पहिल्या उकळीला आणि हॉप्स टाकताना ही जागा लागतेच. ३० लिटरचं भांडं घेतलं तर उतू जाणं ठरलेलं. उलट १.०७० च्या बिअरसाठी ७ किलोच्या वर मॉल्ट लागतं. ते या नळीत दाबून बसतं, पाणी खाली उतरत नाही आणि साखर चोथ्यातच राहते. तशी बिअर करायची असेल तर बॅच १५ लिटरची करा.

आता भरडणं. दोन रोलरची चक्की घ्या, पण मधली फट बदलता येणारी. फीलर गेजने (फट मोजायच्या धातूच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून १.१ मिलिमीटरवर ठेवली की टरफल जवळजवळ अख्खं राहतं आणि आतला दाणा फुटतो. टरफलं शाबूत राहिली तरच धान्याचा थर गाळणीचं काम करतो. ड्रिल लावून फिरवायची असेल तर वेग मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आत ठेवा, नाहीतर टरफलांचा चुरा होतो. विकत मिळणारं आधीच भरडलेलं मॉल्ट बऱ्याचदा जाड असतं. त्याचा पुरावा हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचं तरंगतं उपकरण) देतो. वरच्या हिशोबाने उकळीआधी २५ लिटरला १.०४४ यायला हवं. नमुना २० अंशांपर्यंत गार करून १.०३८ दिसलं तर आधी भरड तपासा, बाकी सगळं नंतर. किटमध्ये ग्रॅव्हिटी साधारण आधीच ठरलेली असते, म्हणून हायड्रोमीटर बाजूला पडून राहतो. इथे तो प्रत्येक वेळी लागतो.

या यंत्राची सर्वात त्रासदायक खोड पंपाची आहे. मॉल्ट टाकल्याबरोबर पंप पूर्ण जोरात सुरू केला की धान्याचा थर खाली दाबला जातो. वरून आलेला वर्ट धान्यातून न जाता मधल्या ओव्हरफ्लो नळीतून सरळ खाली पडतो. पंप फिरतोय, पाणी वाहतंय, पण साखर सुटत नाही. थर फारच घट्ट झाला तर जाळीखालची पातळी उतरते, हीटर उघडा पडतो आणि सुरक्षा स्विच हीटर बंद करतो. उपाय सोपा: मॉल्ट थोडं थोडं टाकत गुठळ्या मोडा, पहिली १० मिनिटं पंप बंदच ठेवा, मग व्हॉल्व्ह अर्धाच उघडा. वरच्या जाळीवर वर्टचा पातळ थर उभा राहतो आणि ओव्हरफ्लोत थेंबही पडत नाही, एवढाच प्रवाह बरोबर. गहू किंवा ओट्स जास्त असतील तर पाणी वाहतं राहावं म्हणून भाताचं तूस मिसळा.

तापमानाच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. सेन्सर बुडाशी असतो. पॅनेलवर ६७ दिसत असताना धान्याच्या वरच्या थरात ६४ असू शकतं, आणि एवढ्या फरकाने बिअर हलकी, कोरडी होते. वेगळा थर्मामीटर घ्या, तो वितळत्या बर्फात तपासा आणि मधल्या थरात खुपसून बघा. इन्सुलेशनच्या जॅकेटने हा फरक बराच कमी होतो. मॉल्ट २५ अंशांवर असेल तर मॅशला पाणी ७२ अंशांवर धरा.

२००० वॅटचा हीटर २५ लिटरला उकळी आणतो, पण पाऊणएक तास लावतो. २४०० चा मिळत असेल तर तोच घ्या. मॅश संपल्यावर लांब चमच्याने बूड एकदा खरवडायचं. तिथे पिठाचा पातळ थर बसतो, तो करपला की स्विच पुन्हा हीटर बंद करतो आणि बिअरला जळका वास लागतो.

वर्ट गार करायला सोबत आलेली स्टीलची कॉइल बदलून टाका. १० मिलिमीटर जाडीची, १२ मीटर लांबीची तांब्याची कॉइल घ्या. नळाचं पाणी २० अंशांच्या आसपास असेल आणि वर्ट हलवत राहिलात तर अर्ध्या तासाच्या आत यीस्ट टाकण्याजोगं तापमान येतं. नळाचंच पाणी कोमट असेल तर वर्ट त्याखाली जाणार नाही. शेवटच्या टप्प्यात छोट्या पंपाने बर्फाचं पाणी फिरवावं लागतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर वरच्या २९ लिटरना अर्धी कॅम्पडेन गोळी (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) पुरते. नाहीतर बिअरला औषधी वास येतो आणि दोष यंत्राच्या माथी जातो.

साफसफाईला सोडियम परकार्बोनेट ६० अंशांच्या पाण्यात, अर्धा तास पंप चालू ठेवून. व्हॉल्व्ह तीन भागांचा, खोलता येणारा आहे की नाही, हे विकत घेतानाच बघा. दोन भागांच्या व्हॉल्व्हमध्ये बॉलच्या मागे वर्ट साठतो आणि कुजतो. पंपाच्या तोंडाची जाळी हॉप्सच्या चोथ्याने भरते, म्हणून हॉप्स पिशवीत टाका.

फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं), एअरलॉक (वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणारी झडप), बाटल्या, कॅपर (बाटलीला टोपण बसवायचं यंत्र) हे सगळं किटच्या वेळचंच चालतं. मोठा गॅस बर्नर आधीपासून असेल तर हे यंत्र घेऊ नका. ४० लिटरचं स्टीलचं पातेलं आणि बारीक जाळीची पिशवी घ्या, आणि वाचलेले पैसे चक्कीत घाला. फक्त पिशवी बुडाला टेकलेली असताना खाली आच देऊ नये, ती वितळते. स्टीलची चाळण उपडी ठेवून त्यावर पिशवी सोडली की काम भागतं.