दोन ‘ओ’ आणि एक शेंडी: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या इंग्रजी लेखनाच्या वर्गाबद्दल

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला एक मेल पाठवला. उरलेले 400 नग आम्हाला गमवायचे नाहीत, म्हणजे ती ऑर्डर हातची जाऊ द्यायची नाही, असं मला म्हणायचं होतं. गमावणे या अर्थाच्या ‘लूझ’मध्ये एकच ‘ओ’ असतो. मी दोन घातले. दोन ‘ओ’वाला शब्द ‘लूस’, म्हणजे सैल किंवा सुटं. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघते. आमच्या पॅकिंग लिस्टमध्ये हा ‘लूस’ रोजचाच. त्यामुळे समोरच्याने सरळ वाचलं की नग सुटे पाठवायचे नाहीत, आणि उलट विचारलं, मग लाकडी पेट्यांचा खर्च कोणाकडे? दोन दिवस त्या निस्तरण्यात गेले. कॉम्प्युटरने लाल रेघ मारली नव्हती, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबरच आहेत.

त्यानंतर मी हा वर्ग लावला. आठ रविवार, सकाळी दहा ते बारा, फी 3,200 रुपये. सर कॉलेजातून निवृत्त झालेले आहेत. नाव कुठे लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. आम्ही बाराजण होतो: दोन नर्स, एक बँकेतला, एक ट्रान्सपोर्टवाले काका, बाकी ऑफिसातले. बहुतेक सगळे मराठी माध्यमाचे.

मी याआधी दोन ठिकाणी इंग्रजी शिकले. दोन्हीकडे शब्दांच्या जोड्यांची यादी पाठ करायला दिली होती आणि ती महिनाभरात विसरले. इथे सरांनी पहिल्या दिवशी यादी दिलीच नाही. फळ्यावर ‘काय करतोयस?’ लिहिलं आणि विचारलं, यातलं ‘आहेस’ कुठं गेलं? आपण ‘करतो आहेस’ गिळून ‘करतोयस’ करतो, दोन्ही शब्द सांधतो आणि खूण ठेवत नाही. इंग्रजी गिळलेल्या अक्षराच्या जागी खूण ठेवते. मग त्यांनी शेजारी ‘सोऽहम्’ लिहिलं. त्यातला तो अवग्रह म्हणजे ‘अहम्’मधल्या गेलेल्या ‘अ’ची खूण. इंग्रजी ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या वरच्या बाजूला येणारी स्वल्पविरामासारखी खूण, इथे तेच काम करते. वर्गात तिचं नाव ‘शेंडी’ पडलं. इतकी वर्षं मी ती खूण अंदाजाने टाकत होते. ती कशासाठी असते, हे मला त्या रविवारी कळलं.

त्यावरून ‘इट्स’ला शेंडी कधी द्यायची आणि कधी नाही, हा गुंता सुटला. शेंडी दिसली की तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाचायचं. ‘कंपनीने आपलं पॅकिंग बदललं’ या वाक्यात ‘इट इज पॅकिंग’ बसत नाही, म्हणून शेंडी नाही. ‘युवर’ आणि ‘यू आर’चं, ‘देअर’च्या तिन्ही भावंडांचं (‘तिथे’, ‘त्यांचं’ आणि ‘दे आर’) तसंच. पण मग माणसाच्या नावापुढे मालकी दाखवताना शेंडी येतेच की, असं ट्रान्सपोर्टवाल्या काकांनी विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. सर म्हणाले, “काका, ‘हिज’ला कधी शेंडी बघितलीसा? सर्वनामांच्या मालकीला ती नसते. ‘इट्स’ त्याच घरातला.”

आणि एक गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन सगळ्यांना सांगितली. 1787 च्या अमेरिकेच्या राज्यघटनेत, पहिल्या कलमाच्या दहाव्या भागात, आयात-निर्यातीवरच्या शुल्काबद्दल जे लिहिलंय त्यात मालकीचा ‘इट्स’ शेंडीसकट आहे. तेव्हा तसं लिहायची पद्धतही होती, नियम नंतर घट्ट झाला. ज्या विषयावर मी रोज कागद बनवते त्याच वाक्यात ही शेंडी सापडावी, याचं मला फार बरं वाटलं. मराठी माध्यमाची म्हणून मनात धरलेला संकोच त्या दिवशी निम्मा उतरला.

कानाच्या चुका वेगळ्या शिकवल्या. शेवटचे ‘स’ आणि ‘झ’ आपण नीट वेगळे काढत नाही, म्हणून ‘लूस-लूझ’ आणि ‘ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ’ एक होतात. आधी उच्चार सुधारून घेतले, मग स्पेलिंग. ‘स्वातंत्र्य दीन’ लिहिलेला फलक दाखवून म्हणाले, ऱ्हस्व-दीर्घ ऐकू आलं नाही की मराठीतही दिवसाचा गरीब होतो. दिवाळीच्या मिठाईच्या डब्यांवरची चिठ्ठीही आणली होती. शुभेच्छांच्या ‘काँप्लिमेंट्स’मध्ये ‘आय’ हवा. ‘ई’ घातला की अर्थ ‘पूरक वस्तू’ होतो. आमच्या कंपनीच्या चिठ्ठीवर ‘ई’च होता. यंदा छापण्याआधी बदलून घेतला.

सर्वात उपयोगी पडलं ते एकच वाक्य: नकार असेल तिथे जोडरूप, म्हणजे शेंडीवालं आखूड रूप, वापरू नका. ‘कान्ट’मधली शेंडी आणि ‘टी’ घाईत नजरेतून सुटली तर उरतं ‘कॅन’. माल वेळेत देता येणार नसेल तर ‘कॅनॉट’ पूर्ण लिहायचं. मी आता तसंच लिहिते.

उणं काय? सर अमेरिकन पद्धतीकडे फार लक्ष देत नाहीत. ब्रिटिश रीतीत ‘लायसन्स’ (परवाना) हे नाम ‘सी’ने आणि त्याचं क्रियापद ‘एस’ने लिहितात, पण अमेरिकेत दोन्हीकडे ‘एस’ चालतो. आमच्या टेक्सासच्या गिऱ्हाइकाच्या मेलमधला ‘एस’ सरांनी चूक म्हणून लाल केला. मी म्हटल्यावर मान्य केलं, पण त्यावर एक तास हवा होता. तपासलेले कागदही दोन-दोन आठवड्यांनी परत मिळतात. नोकरी करणाऱ्याला तेवढ्यात चार नवे मेल जातात.

बोलायला शिकायचं असेल तर हा वर्ग नाही. ज्यांना रोज लिहावं लागतं आणि ज्यांचं पाठवायच्या बटणावर बोट अडतं, त्यांनी मात्र जरूर जा. पुढची बॅच दसऱ्यानंतर आहे. जाताना स्वतःचे पाच जुने मेल, नावं खोडून, छापून न्या. सर पहिल्या तासाला तेच मागतात.