छोट्या फेल रेसचा निकाल कशाने लावायचा: घड्याळ-कागद, मोबाईल की डिबर?

क्लबच्या बैठकीत ‘यंदा बुधवार संध्याकाळची रेस कोण बघणार?’ असं कुणी विचारलं आणि चुकून तुमची मान हलली, की आठवड्याभरात पुढचा प्रश्न समोर येतोच. निकाल कशाने लावायचा? घड्याळ आणि कागद, मोबाईलवरचं ॲप, की भाड्याने आणलेले डिबर, म्हणजे चिप असलेल्या छोट्या कांड्या? उत्तर इंग्लंडातल्या आमच्या क्लबात या तिन्ही पद्धतींनी मी फिनिशवर उभा राहिलोय, आणि एकदा रात्री साडेअकरापर्यंत याद्या जुळवत बसलोय. इथे लिहितोय ते शंभर-दीडशे धावपटूंच्या रेसबद्दल. पाचशे जण येणार असतील तर सरळ टायमिंगवाल्यांना बोलवा.

फेल म्हणजे इकडचे झाडं नसलेले उघडे डोंगर, आणि फेल रेस म्हणजे त्यांवर धावायची शर्यत. एफआरए, म्हणजे फेल रनर्स असोसिएशन, 1970 पासून या शर्यतींचं बघते आणि त्यांची प्रतवारी करते. ए प्रकारात दर किलोमीटरला सरासरी किमान 50 मीटर चढ हवा, बी मध्ये 25, सी मध्ये 20. अंतर 10 किलोमीटरपर्यंत असेल तर शॉर्ट, 20 किंवा जास्त असेल तर लाँग, मधलं सगळं मीडियम. ही अक्षरं नुसती जाहिरातीसाठी नसतात, टायमिंगची पद्धतही त्यांवरूनच ठरते. गावाबाहेरच्या एका टेकडीवर चढून उतरायची ‘ए-शॉर्ट’ रेस असेल तर खालून जवळजवळ सगळं दिसतं. चार चेकपॉइंटांची ‘बी-मीडियम’ असेल आणि ढग खाली उतरले, तर पन्नास मीटरवरचा मार्शल, म्हणजे वाटेवर उभा केलेला स्वयंसेवकसुद्धा दिसत नाही.

कारण फिनिशवर कामं दोन असतात. कोण किती वेळात आलं, हे एक. डोंगरावरून सगळे खाली आले का, हे दुसरं. ॲप आणि यंत्रं विकणारे पहिल्याबद्दलच बोलतात. आयोजकाची झोप उडते ती दुसऱ्यामुळे. सुरुवातीला किती जण सुटले, किती परत आले आणि किती जणांनी मध्येच सोडलं, याची बेरीज जुळलीच पाहिजे. म्हणूनच रेस सोडणाऱ्यानेही फिनिशवर येऊन तसं सांगायचं, हा नियम आहे. आणि तरी कुणीतरी परस्पर गाडीत बसून घरी जातोच. प्रत्येक पद्धत तपासताना मी आधी ही बेरीज बघतो, सेकंद नंतर.

आता कागद. दोरी बांधून फिनिशला एक निमुळती वाट करतात, तिला फनेल म्हणतात. रेघेवरचा माणूस कुणी आलं की घड्याळाचं बटण एकदा दाबतो. फनेलच्या टोकाला दुसरा नंबर मोठ्याने वाचतो, तिसरा लिहून घेतो. अशा दोन याद्या होतात, एक वेळांची आणि एक नंबरांची. शेजारी ठेवल्या की निकाल तयार. ऐकायला इतकं सोपं!

गोम अशी की या दोन याद्यांना जोडणारं काहीच नसतं. त्रेचाळिसाव्या माणसाला बटण दोनदा दाबलं गेलं, की त्याच्यामागच्या प्रत्येकाला पुढच्याची वेळ मिळते. कळतं शेवटी, जेव्हा वेळा 118 निघतात आणि नंबर 117. पण चूक कुठे झाली? माझी ती साडेअकराची रात्र याचीच. शेवटी फोटो काढणाऱ्या एका मुलीच्या कॅमेऱ्यातल्या फोटोंच्या वेळा बघून घोळ सुटला.

तेव्हापासून आम्ही एक जादा माणूस ठेवतो. त्याने दर दहाव्या धावपटूचा नंबर आणि घड्याळातली वेळ एकाच ओळीत लिहायची, बाकी काही नाही. त्यामुळे घोळ झालाच तर तो दहा जणांपुरताच राहतो. दुसरं स्टॉपवॉच हवंच. शिवाय रेस सुटली तेव्हाची भिंतीवरच्या घड्याळाची वेळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. स्टॉपवॉच कुणी चुकून रीसेट केलं तर तीच वाचवते. पावसात बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही, तेव्हा पेन्सिल आणि पाण्यात न विरघळणारी वही घ्या. थंडीत लोक नंबरावर जॅकेट चढवतात, म्हणून फनेलच्या अलीकडे दहा मीटरवर ‘नंबर दाखवा!’ असं ओरडायला दमदार आवाजाचं माणूस उभं करा.

कागदाचाच एक भाऊ आहे, त्याच्यावर माझा फार जीव. नंबराच्या खालच्या बाजूला फाडता येणारी पट्टी असते. धावपटू फनेलमधून बाहेर पडला की ती फाडायची आणि तारेत ओवायची. आलेला क्रम तारेवर राहतो. वही भिजली, उडाली तरी क्रम जात नाही.

पार्करन, म्हणजे बागांमधून होणारी दर शनिवारची 5 किलोमीटरची फुकट धाव, तिची टोकन पद्धतही याच घराण्यातली: आलेल्या क्रमाने प्रत्येकाच्या हातात एक टोकन. 2004 साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 धावपटूंनी पार्करन सुरू झाली, तेव्हा टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरले होते. आज बारकोड आले, तत्त्व तेच आहे. फेलवर मात्र चिखलाने माखलेल्या माणसाने खिशातून बारकोड काढायचा, हे अवघड जातं.

हाताच्या वेळेवर भरवसा किती ठेवायचा, हा वाद जुनाच. यॉर्कशरमधल्या बर्नसॉलच्या रेसमध्ये अर्नेस्ट डॅलझेलने 1910 मध्ये 12 मिनिटं 59.8 सेकंदांचा विक्रम केला. तो 1977 पर्यंत टिकला, आणि त्या दिवशीचं घड्याळ बरोबर होतं का यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिले. तेव्हा तुमच्या बुधवारच्या रेसमध्ये चाळिसावा आलेला काका दोन सेकंदांसाठी ईमेल पाठवेल, तर फार मनावर घेऊ नका.

मोबाईल ॲपबद्दल थोडक्यात. धावपटू दिसला की नंबर टाइप करायचा, रेघ ओलांडली की बोट लावायचं. वेळ आणि नंबर एकत्रच बसतात, म्हणजे कागदाचा सगळ्यात मोठा दोष गेला. उन्हाळ्याच्या कोरड्या संध्याकाळी, साठ जणांच्या रेसला, झकास. पावसात मात्र ओली स्क्रीन स्वतःच बटणं दाबते, गारठ्यात बॅटरी उतरते आणि हातमोजे घालून टाइप होत नाही. एका मिनिटात आठ-दहा जण आले की बोटं मागे पडतात ती पडतातच. फुकट आहे म्हणून एकट्या ॲपवर विसंबू नका. कागदाच्या जोडीला दुसरी नोंद म्हणून ते चांगलं काम करतं.

डिबर म्हणजे बोटाला किंवा मनगटाला बांधायची प्लास्टिकची छोटी कांडी, आत चिप. नकाशा घेऊन ठिकाणं शोधत धावायच्या खेळातून, ओरिएंटीयरिंगमधून, ती इकडे आली, आणि सहसा स्पोर्टआयडेंट या जर्मन कंपनीची असते. चेकपॉइंटच्या पेटीच्या भोकात कांडी घातली की पेटी ‘बीप’ करते, दिवा लुकलुकतो आणि वेळ कांडीत नोंदली जाते. फिनिशला कांडी वाचली की हातात चिठ्ठी येते: प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला, सगळं. धावणाऱ्यांना या चिठ्ठीचं वेड असतं. निकाल चहा संपायच्या आत लागतो.

बेरजेचं कामही अर्ध्याहून जास्त होतं. परत न आलेला डिबर म्हणजे अजून डोंगरावर असलेला माणूस. (किंवा डिबर मनगटावर ठेवूनच घरी निघालेला माणूस. म्हणून एन्ट्रीच्या वेळी गाडीची किल्ली तारण ठेवून घेणारे आयोजकही असतात, आणि ते मला अजिबात वावगं वाटत नाही.)

पण इथेच लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. माथ्यावरची साधी पेटी खाली काहीही कळवत नाही. कोण तिथून गेलं हे तुम्हाला त्याची कांडी फिनिशला वाचल्यावरच समजतं, आणि जो आलाच नाही त्याची कांडी वाचणार कशी? म्हणजे धुक्यात कुणी हरवलं तर शोध कुठून सुरू करायचा, हे पेटी सांगणार नाही. मार्शलच्या ओल्या वहीतली नंबरांची यादी आणि वॉकीटॉकीच सांगेल. डिबर आहेत म्हणून मार्शल कमी करायचा विचार कुणी मांडला, तर तिथेच थांबवा.

बाकी दोष किरकोळ. जुनी नोंद पुसायला कुणीतरी विसरतं. शेवटच्या धावेत दोघं बरोबर आले तर ज्याची कांडी आधी भोकात गेली तो जिंकतो, म्हणून पहिल्या दहांसाठी रेघेवर माणसाचा डोळा हवाच. भाडं माणशी पडतं आणि छोट्या रेसची फी पाच-दहा पौंडांच्या घरात असते, ते ताणावं लागतं.

नंबरातच चिप असलेली आणि जमिनीवर चटया अंथरायची पद्धत रस्त्यावरच्या शर्यतींना शोभते. शेतातल्या फिनिशला वीज आणणं आणि ओल्या जॅकेटखाली, अंगाला चिकटलेल्या नंबराचा सिग्नल पकडणं, हा व्याप शंभर जणांसाठी करू नये.

निवड करताना मी आधी एन्ट्री कशी घेणार ते विचारतो. लोक रेसच्या तासभर आधी येऊन ओल्या हाताने फॉर्म भरणार असतील, तर डिबरने फारसा वेळ वाचत नाही. प्रत्येक कांडी कुणाच्या नावाची हे संगणकात भरायलाच रांग लागते, आणि निकालातल्या बहुतेक चुका टायमिंगच्या नसून न वाचता आलेल्या अक्षरांच्या असतात. ‘व्ही40’ की ‘व्ही50’, म्हणजे चाळिशीपुढचा गट की पन्नाशीपुढचा, यावर बक्षिसाची वाइनची बाटली अडलेली मी पाहिली आहे. ऑनलाइन आगाऊ एन्ट्री असेल, चेकपॉइंट तीनपेक्षा जास्त असतील आणि कांड्या सांभाळणारा एक जाणकार क्लबात असेल, तर डिबर घ्या, पैसे वसूल होतील. एका टेकडीची, आयत्या वेळच्या एन्ट्रीची रेस असेल तर कागद, दोन घड्याळं, तार, आणि दर दहाव्या माणसावर लक्ष ठेवणारा तो जादा स्वयंसेवक. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला चहाच्या टेबलावरून उचलून आणू नका. तो आधीपासून ठरलेला हवा, आणि रेस संपेपर्यंत त्याच्याशी कुणी गप्पा मारता कामा नयेत.