सिनेटची मतं आधी ओळखायला वोटव्ह्यू: सहा महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश नेमायचा तर सिनेटची मंजुरी लागते. कोणता सिनेटर काय करेल याचा अंदाज बांधायला वोटव्ह्यू या मतदानाच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळाचे 'डीडब्ल्यू-नॉमिनेट' गुण (सिनेटरच्या मतांवरून काढलेले) सगळ्यात हाताशी. फुकट आहेत, सीएसव्ही फाईल सरळ एक्सेलमध्ये उघडते, प्रत्येकाला उणे १ (डावा) ते अधिक १ (उजवा) यांमधला एक आकडा. जुनी मतदानं यावर घासून पाहिल्यावरचं मत: मतांची बेरीज सांगायला जवळपास निरुपयोगी, नजर कुणावर ठेवायची ते सांगायला उत्तम.

कारण 'ज्याचा पक्ष त्याचं मत' एवढा नियमच आता पुरतो. २०२२ मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन यांच्या वेळी या नियमाने ५०-५० येतात, प्रत्यक्षात ५३-४७. चुकली फक्त तीन नावं (होकार देणारे रिपब्लिकन कॉलिन्स, मर्काउस्की, रॉम्नी). २०२० मध्ये न्यायाधीश बॅरेट यांच्या वेळी एकटं कॉलिन्स यांचं. तेव्हा मॉडेलने ९७ टक्के अचूकता दाखवली तर हुरळून जाऊ नका, ती मॉडेल न करताच मिळते. मोजायचं ते एवढंच, की ती तीन नावं यादीत वर आली का. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या नेमणुकीचं २००५ चं मतदान मात्र चालवून पाहाच: डेमोक्रॅट २२ बाजूने, २२ विरोधात. तिथे पक्षाचा नियम आडवा पडतो आणि गुण खरंच काम करतात, फाइनगोल्ड यांच्यासारखा डावा सिनेटर होकार देऊन चकवतो तेवढं सोडून.

फाईल साफ करण्यात वेळ जातो. पक्षाचा कोड १०० म्हणजे डेमोक्रॅट, २०० रिपब्लिकन. सँडर्स आणि किंग ३२८ वर असतात. फिल्टर १०० वर लावलात की हे दोघे गळतात आणि बेरीज दोनने चुकते. सदस्य मध्येच बदलले की ओळी शंभरावर जातात. ११५ व्या काँग्रेसमध्ये (२०१७-१९ चा संसदेचा कार्यकाळ) मॅकेन आणि त्यांच्या जागी आलेले काइल दोघेही सापडतील. न्यायाधीश कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीच्या मतदानासाठी मॅकेन काढायचे (ऑगस्ट २०१८ मध्ये वारले), काइल ठेवायचे.

मोठा घोळ वेगळाच. नॉमिनेटचा मुख्य गुण अख्ख्या कारकिर्दीवरून एकच काढलेला असतो, म्हणजे ज्या मताचा अंदाज बांधताय ते मतही त्यात मिसळलेलं. जुन्या मतदानावर मॉडेल झकास दिसतं ते बरंचसं यामुळे. उपाय: शेजारचा नोकेन-पूल कॉलम घ्या (तो दर काँग्रेसला वेगळा काढतात), तोही आधीच्या काँग्रेसचा. नव्या सिनेटरचा तो नसतो. तिथे पक्षाचा मध्यक चालवून घ्यावा लागतो.

उमेदवाराला मात्र गुणच नाही, त्याने सिनेटमध्ये मत दिलेलं नसतं. अपील न्यायालयातल्या न्यायाधीशासाठी रूढ युक्ती अशी, की नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचा सिनेटर त्या न्यायाधीशाच्या राज्यात असेल तर त्याचा गुण लावायचा, नसेल तर राष्ट्राध्यक्षांचा. डीसी सर्किटला (राजधानी वॉशिंग्टनचं अपील न्यायालय) सिनेटरच नाहीत. त्यामुळे तिथून आलेले कॅव्हनॉ म्हणजे धाकटे बुश, जॅक्सन म्हणजे बायडन, अशी बोथट किंमत मिळते. सेगल-कव्हर हे उमेदवारांचे गुण जास्त बोलके, कारण त्यात पात्रतेचा वेगळा आकडा असतो. पण ते वृत्तपत्रांच्या अग्रलेखांवरून काढतात, म्हणजे अग्रलेख छापून येईपर्यंत हात बांधलेले.

क्लोचरवरून (चर्चा थांबवून मतदानाला जायचं का, याचं आधीचं मतदान) मंजुरीचं मत ओळखण्याचा मोह होतो. बहुतेकदा जमतंही. पण बॅरेट यांच्या वेळी मर्काउस्की क्लोचरला 'नाही' होत्या, मंजुरीला 'हो'. न्यायाधीश गोर्सच यांच्या वेळी बेनेट बरोबर उलट. कनिष्ठ न्यायालयासाठीचं आधीचं मतही असंच दगा देतं: जॅक्सन यांना २०२१ मध्ये ग्रॅहम यांनी होकार दिला होता, रॉम्नी यांनी नकार. वर्षभराने दोघांनी बाजू बदलल्या.

आणि तक्त्यात 'हजर' असा एक कॉलम हवाच. कॅव्हनॉ यांच्या वेळी बाजूने असलेले डेन्स मुलीच्या लग्नाला गेले होते, म्हणून विरोधात असलेल्या मर्काउस्की यांनी त्यांच्याशी जोडी जुळवून (म्हणजे होकार आणि नकार परस्पर कटतात) 'उपस्थित' एवढंच नोंदवलं. निकाल ५०-४८. वोटव्ह्यूत ९ हा कोड गैरहजेरीचा, ७ आणि ८ 'उपस्थित'चे. १ ते ३ होकार आणि ४ ते ६ नकार धरून बाकी रिकामं सोडा.