घरी जोडलेली टेलिकास्टर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वाजवल्यानंतर

फेब्रुवारीत तारा चढवल्या, आता दिवाळी झाली. मधल्या काळात ही गिटार जवळपास रोज हातात होती. घरी सरावाला, मित्रांच्या बँडमध्ये आणि गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमातही. किट आणून इलेक्ट्रिक गिटार स्वतः जोडावी का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ‘हो’ आहे, फक्त त्यामागे पैसे वाचवण्याचा हेतू ठेवू नका, कारण ते वाचत नाहीत. नेक (गिटारीचा दांडा), फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि नट (दांड्याच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) आपल्या हाताने जागेवर आणायला शिकवणारं याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही. आणि पुण्यासारख्या हवेत गिटार बाळगायची, तर ते शिकावंच लागतं.

टेलिकास्टरच्या धर्तीचं किट मी विचार करून घेतलं. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये १९५० साली त्याने ही गिटार ‘ब्रॉडकास्टर’ नावाने आणली, दुसऱ्या कंपनीने नावाला हरकत घेतल्यावर १९५१ मध्ये ती ‘टेलिकास्टर’ झाली. दुरुस्तीवाल्याची नजर तिच्यात जागोजागी दिसते. बॉडी म्हणजे सपाट फळी, नेक चार स्क्रूंवर, स्विच आणि दोन्ही नॉब एकाच पट्टीवर. पट्टीचे दोन स्क्रू काढले की सगळं वायरिंग समोर. नेकचा कोन कमी-जास्त वाटला तर चार स्क्रू सैल करून खाली पातळ पॅकिंग सारता येतं. सरसाने चिकटवलेल्या नेकमध्ये ही सोय नसते, म्हणून पहिल्या किटसाठी मी दुसरं काही सुचवणार नाही.

किट घरपोच चौदा हजारांच्या आसपास पडलं. बॉडी बासवुडची, हलकी, रंग न दिलेली. नेक मेपलचा, फ्रेट आधीच ठोकलेले. लाकूडकाम अपेक्षेपेक्षा नीटस होतं, नेक खाचेत घट्ट बसला. तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या ब्रिजची भोकं कारखान्यातूनच पाडून आली होती. तरी स्क्रू पिळण्याआधी एक माप घ्याच: नटच्या पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून पुढे ब्रिजच्या सॅडलपर्यंत (तार टेकते तो सरकता तुकडा) यायला हवं. या गिटारीची पूर्ण लांबी ६४८ मिलिमीटर, म्हणजे बारावा फ्रेट ३२४ वर. सॅडल या मापापासून दोन-तीन मिलिमीटर मागे सरकू शकली पाहिजे, कारण तार दाबली की ताण वाढतो आणि स्वर किंचित चढतो. जाड तारांना ही भरपाई जास्त लागते. तेवढी जागा नसेल तर गिटार वरच्या फ्रेटवर कायम बेसूर राहील, मग पिकअप (तारेचा कंप पकडणारी चुंबक आणि कॉइलची जोडी) कितीही महागाचे लावा. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर दोन तारांना मिळून एक सॅडल असते, त्यात तडजोड करावी लागते. माझ्या किटमध्ये सहा सॅडल होत्या.

आता फ्रेट. स्वस्त आणि चांगल्या गिटारीत खरा फरक इथे पडतो, असं माझं ठाम मत आहे. लाकडावर लोक तासन्‌तास भांडतात. माझ्या मते भरीव बॉडीच्या गिटारीत लाकूड आधी खांद्यावरचं वजन ठरवतं, बाकीचं नंतर. फ्रेट मात्र प्रत्येक स्वरात बोटाखाली असतात. किटमधले फ्रेट एका पातळीत नसतात, हे धरूनच चाला. तीन फ्रेटवर टेकेल अशी पोलादी पट्टी ठेवून डोलवून पाहायची. डोलली तर मधला उंच. आधी नेक ट्रस रॉडने (नेकच्या आतली पोलादी सळई) अगदी सरळ करायचा, प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लावायची आणि सपाट दांडीला ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून नेकच्या लांबीत हलक्या हाताने फिरवायचा. सगळ्या माथ्यांवरची शाई गेली की थांबायचं. मग सपाट झालेले माथे गोल कानशीने पुन्हा गोलाकार करायचे आणि ८०० पासून २००० पर्यंतच्या पेपरने चमकवायचे. शेवटी स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप टेपने पूर्ण झाका, नाहीतर लोखंडाचा भुसा चुंबकाला जाऊन चिकटतो.

या कामाला घाई चालत नाही. फ्रेटची उंची मुळात मिलिमीटरभर, त्यातलं जे गेलं ते परत येत नाही. पण हे झाल्यावर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड मिलिमीटरच्या आसपास आणता आली, आणि बेंड करताना (तार आडवी ओढून स्वर चढवताना) तो कुठे मरत नाही. मित्राकडे हिच्या तिप्पट किमतीची कारखान्यातली गिटार आहे. हाताखाली मला माझी जास्त आवडते आणि हे मी आपुलकीपोटी म्हणत नाही, त्यालाही तसंच वाटतं.

नटबद्दल सांगताना मिरजेला जावं लागेल. किटमधला प्लास्टिकचा नट मी काढून हाडाचा बसवला होता. तरी डी ची मोकळी तार छेडली की स्वरामागे एक झणझणाट यायचा, फ्रेटवर दाबली की गायब. कामानिमित्त मिरजेला गेलो असताना गिटार सोबत होती, म्हणून सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत एका कारागिरांना दाखवली. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते फार आधी मिळायला हवं होतं.) त्यांनी तार एकदा छेडली आणि म्हणाले, “अहो, ही तर खुली जवारी झाली.”

त्यांचं निदान अचूक होतं. सतारीच्या घोडीचा माथा रुंद असतो. त्याला बेताचा उतार दिलेला असतो, कंप पावणारी तार त्या पृष्ठभागाला ओझरती लागत राहते आणि त्यातून वरचे स्वरांश फुलतात. घोडी घासून हे नेमकं साधणं हीच जवारी काढण्याची कला. गिटारीच्या नटमध्ये उलटं हवं. तारेने फक्त पुढच्या कडेवर, फिंगरबोर्डाच्या (नेकची बोटं दाबतात ती पुढची बाजू) दिशेच्या एका बिंदूवर टेकावं. खाच आडवी सपाट राहिली किंवा तिचा सर्वांत उंच भाग मागे गेला, तर तार खाचेच्या तळाला घासते आणि नको तिथे सतार ऐकू येते. १९६७ च्या सुमारास आलेल्या कोरल इलेक्ट्रिक सितारमध्ये हाच परिणाम मुद्दाम सपाट ब्रिज लावून मिळवला होता. माझ्या नटची खाच खुंट्यांच्या दिशेने उतरती केली, झणझणाट गेला. तेव्हापासून नटचं काम करताना जवारीचं गणित मनात ठेवतो आणि ते फार उपयोगी पडतं. या कामाच्या खास कानशी महाग येतात. जाड तारांसाठी गॅस वेल्डिंगच्या टॉर्चचं तोंड साफ करायच्या सुयांचा संच हार्डवेअरच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो, तो छान चालतो. खोली तपासायची तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे, त्याहून जास्त असेल तर पहिल्या काही फ्रेटवरचे कॉर्ड चढे लागतात. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की तार अडकत नाही. किटमधल्या साध्या खुंट्यांवरही माझी गिटार सुरात टिकते ती यामुळे.

हवेचा अनुभव हा या सगळ्या महिन्यांमधला सर्वांत मोलाचा भाग. खोलीतला आर्द्रतामापक एप्रिलच्या दुपारी २५ टक्क्यांच्या खाली होता, जुलैत ८० च्या वर. लाकूड कोरडं पडलं की आडवं आकसतं, धातू आकसत नाही. एप्रिलच्या अखेरीस नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं करकरीत टोचायला लागली. बारीक कानशीने ती कडेशी सपाट करून तिरपी घासली. हे काम करायचं तर वैशाखातच करावं. सर्वांत आकसलेल्या लाकडाला मापून घासलेली टोकं मग वर्षभर बाहेर येत नाहीत. थंड, दमट दिवसात घासलीत तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

पावसाळ्यात उलट झालं. नेकची पाठ कोटिंगने बंद, पण फिंगरबोर्ड उघडा. ओल तिथून शिरली, ती बाजू फुगली, नेक किंचित मागे झुकला आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ (तार फ्रेटला लागून होणारी खरखर) सुरू झाला. इथे ट्रस रॉड कामाला येतो. नेकच्या आत बसवलेल्या या पोलादी सळईचं पेटंट गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली मिळालं. दहाच्या सेटच्या (सर्वांत पातळ तार ०.०१० इंचाची) सहा तारा मिळून नेकवर ४५ किलोहून जास्त ताण देतात, त्याला ही सळई तोलून धरते. सळईच्या टोकाचा पिळायचा नट घड्याळाच्या उलट दिशेने अष्टमांश फेरा सैल केला, गिटार रात्रभर ठेवली, सकाळी पुन्हा मापलं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट बोटाने दाबलेला, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली पाव मिलिमीटर फट, हे माझं माप. फट मोजायला गॅरेजवाले टॅपेटसाठी वापरतात ती फिलर गेज पुरते. दसऱ्यानंतर हवा कोरडी व्हायला लागली तसा तोच फेरा परत आवळला. गिटारवाले याला घाबरतात आणि वर्षानुवर्षं बझ सहन करतात, याचं मला वाईट वाटतं. दर वेळी अष्टमांश फेरा आणि रात्रभर थांबणं, एवढं पाळलं तर भीतीचं काही कारण नाही.

पॉलिश मी लाखेचं केलं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, सुती बोळ्याने, जुन्या फर्निचरला सुतार करतात तसंच. बासवुडला रेषा कमी, पण मधासारखा रंग सुंदर आला. महिन्यांनंतरचा हिशेब असा की, उजवा हात टेकतो तिथे घामाने चमक गेली आहे आणि ऑगस्टमध्ये तो भाग थोडा चिकट लागायचा. लाखेचा नवीन थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून अर्ध्या तासात ती जागा पूर्ववत करता येते. पॉलियुरेथेनला ओरखडा पडला तर हे जमत नाही. ज्यांना देखभाल नको त्यांनी पॉलियुरेथेनच घ्यावं, मी पुन्हा लाखच लावीन. फक्त पावसाळ्यात नाही, हवेतल्या ओलीने ती पांढुरकी पडते.

वायरिंगमध्ये किटने सर्वांत जास्त काटकसर केली आहे. छोटे पॉट (नॉबखालचे व्हॉल्यूम आणि टोन कमी-जास्त करणारे भाग) मे महिन्यातच खरखरायला लागले आणि जॅक सैल झाला. पुण्यातल्या तपकीर गल्लीत हिंडून कपॅसिटर आणि चांगलं सोल्डर आणलं, पूर्ण आकाराचे २५० किलोओमचे पॉट आणि नवा जॅक मागवला. टोनचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर काही रुपयांचा असतो. महागड्या ‘विंटेज’ कपॅसिटरने मला कानाला काही फरक जाणवला नाही. व्हॉल्यूम कमी केला की आवाज मंद, गुदमरलेला होतो, त्यावर उपाय म्हणून व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि आउटपुटच्या पायांमध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओमचा रेझिस्टर लावला. आता पाचवर ठेवूनही आवाज मोकळा राहतो. ब्रिजचा पिकअप बदलून अल्निको पाच जातीच्या चुंबकाचा घेतला, नेकचा किटमधलाच ठेवला कारण तो खरोखर गोड आहे. पिकअप नेहमी शेवटी बदलावेत. फ्रेट आणि नट नीट होईपर्यंत आपल्या गिटारीचा आवाज आपण ऐकलेलाच नसतो.

आतल्या खाचांना तांब्याची टेप लावली, सगळे तुकडे मल्टिमीटरने एकमेकांशी जोडलेले असल्याची खात्री केली. ट्यूबलाइट आणि डिमरची चरचर बरीच गेली. सिंगल कॉइलची ५० हर्ट्झची घरघर टेपने जात नाही, ती चुंबकीय असते, त्यासाठी दोन कॉइलचा हंबकर पिकअपच हवा.

यात एक गोष्ट जिवावरची आहे. गिटारीच्या तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात. अँपच्या तीन पिनांच्या प्लगला टू-पिन अडॅप्टर लावून अर्थ तोडला आणि अँपमध्ये बिघाड झाला, तर करंट थेट तारांवर येऊ शकतो. मांडवातलं वायरिंग तात्पुरतं असतं, खाली ओल असते, वाजवणाऱ्याचे ओठ माइकला टेकलेले असतात. वाजवण्याआधी तिथल्या सॉकेटला अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नसेल तर वाजवू नका, कार्यक्रम थांबला तरी चालेल.

हत्यारांवर किटइतकाच खर्च झाला. कानशी, सपाट दांडी, फिलर गेज, बरी सोल्डरिंग गन, मल्टिमीटर. ती पुढच्या प्रत्येक गिटारीला लागतात, मित्रांच्या गिटारींनाही. ज्याला आठवड्याभरात स्टेजवर उभं राहायचंय त्याने तयार गिटार घ्यावी आणि चांगल्या माणसाकडून सेटअप करून घ्यावा. ज्याच्याकडे हिवाळ्याच्या काही सुट्या आणि एक रिकामं टेबल आहे, त्याने डिसेंबरमध्ये किट मागवावं. कोरड्या हवेत पॉलिश चांगलं वाळतं, आणि उन्हाळ्यात टोकं घासेपर्यंत नेकची ओळख झालेली असते. माझ्या टेबलावर आता पुढच्या बॉडीसाठी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून आणलेली टूनची फळी वाळत पडली आहे. हे सतारीला वापरतात ते लाकूड. आधी तिचं वजन कोरडी झाल्यावर किती भरतं ते पाहीन, मग रंधा.