मोशीत पाहिलेले रिमोट वेपन स्टेशन: माणूस आत, बंदूक छतावर

पुण्याजवळच्या मोशीच्या प्रदर्शन केंद्रात २४ ते २६ फेब्रुवारी २०२४ या तीन दिवसांत भरलेल्या संरक्षण प्रदर्शनात एकाच दालनात मी पाऊण तास घालवला, तो तेथे मांडलेल्या १२.७ मिलिमीटर मशीनगनच्या रिमोट वेपन स्टेशनसाठी, म्हणजे वाहनाच्या आत बसून छतावरची बंदूक चालवण्याच्या यंत्रासाठी. चिलखती वाहनांच्या दुरुस्तीत नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे हे यंत्र हाताळून पाहण्याची इच्छा होती. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

ज्यांनी टी-७२ रणगाडा जवळून पाहिला आहे, त्यांना या यंत्राची गरज वेगळी सांगावी लागणार नाही. त्याच्या छतावरची मशीनगन चालवायची तर कमांडरला झाकण उघडून अर्धे बाहेर यावे लागते; टी-९० रणगाड्यात तेच काम झाकण बंद ठेवून आतून करता येते. रिमोट स्टेशनमध्ये बंदूक, कॅमेरे आणि काडतुसांची पेटी छतावर असतात, तर गनर, म्हणजे बंदूक चालवणारा, आत पडद्यासमोर जॉयस्टिक धरून बसतो. माणसासकट फिरणारा टरेट (छतावरचा बुरूज) नसल्यामुळे आतली जागाही वाचते, ही गोष्ट ज्याला पाय दुमडून प्रवास करावा लागतो त्यालाच कळते. एप्रिल २०२२ मध्ये पुण्यातच लष्कराला सुपूर्द झालेल्या पायदळाच्या चाकी चिलखती वाहनांवर अशीच व्यवस्था आहे.

स्थिरीकरणाला मी पूर्ण गुण देतो. यंत्र एका डोलणाऱ्या मंचावर बसवले होते आणि मंच कितीही झुकला तरी पडद्यावरची फुली समोरच्या भिंतीवरील ठिपक्यावरून हलत नव्हती. मान वर करून पाहिले तर बंदुकीची नळी सतत वरखाली होत असल्याचा भास होई. प्रत्यक्षात हलत होता तो मंच, आणि झुकाव ओळखणाऱ्या जायरोस्कोपच्या इशाऱ्यावर मोटारी नळीला जागच्या जागी धरून ठेवत होत्या. लेझरने अंतर मोजल्यावर फुली आपोआप किंचित सरकते, त्यामुळे गनरला अंदाजाने नेम वर धरावा लागत नाही.

दिसण्याच्या बाबतीत मात्र माझे समाधान झाले नाही. उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याने दूरचा माणूस स्पष्ट दिसतो, पण मोठे करून पाहताना दृश्य इतके अरुंद होते की नळीतून पाहिल्यासारखे वाटते. मी समोरच्या खांबावर नेम धरून बसलो असताना शेजारून आलेला माणूस मला दिसलाच नाही. उघड्या झाकणातून डोके बाहेर काढलेल्या गनरला तो दिसला असता, किमान त्याच्या पावलांचा आवाज तरी आला असता. हा दोष याच यंत्राचा नाही, पण माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नसावा हे खटकते.

मध्येच दालनातील वीज गेली आणि पडदा काळा झाला. वाहनावर बॅटरी असते हे मान्य. तरीही हाताने फिरवायची मूठ कोठे आहे, असे विचारल्यावर ती दाखवण्यासाठी तेथील तरुण अभियंत्याला बाहेरची जाळी काढावी लागली. म्हणजे बिघाड झाला की गनर पुन्हा छतावर.

खरा प्रश्न काडतुसांचा आहे. या आकाराच्या २०० काडतुसांचा पट्टा पंचवीस किलोंच्या पुढे जातो आणि पेटी छतावरच असल्यामुळे ती संपली की कोणीतरी बाहेर येऊन बदलणे भाग असते. आतून भरता येणारी रचनाही असते, पण ती निवडली तर छताला भोक पाडावे लागते आणि वाचवलेली जागा पुन्हा जाते. मी पेटी बदलून दाखवण्याची विनंती केली. अभियंत्याने आढेवेढे न घेता होकार दिला, याचे मला कौतुक वाटले. तो स्टुलावर चढला, रिकामी पेटी उतरवली, दुसरी बसवली, नमुन्याच्या काडतुसांचा पट्टा सरकवला आणि झाकण लावले. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिले: चार मिनिटे झाली होती, आणि तेवढा वेळ तो कमरेपासून वर कोणत्याही आडोशाशिवाय होता.